ऐकून घेण्याचे शिक्षण

२०२५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या खटल्यात निकाल देताना देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी काही मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यांतली एक अशी की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावेत. म्हणजे सत्तरीतल्या हायस्कूलपासून खानापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत, आणि इंदूर-बडोद्यातल्या जुन्या मराठी शाळांपर्यंत, सर्वांनाच हा माणूस लागणार आहे. तो येणार कुठून, काय शिकून येणार आणि कोणत्या भाषेत बोलणार, हे प्रश्न मात्र निकालाच्या कक्षेत येत नाहीत. ते आपल्या कक्षेत येतात.

गोव्यातल्या एका महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षे मानसशास्त्र शिकवते. या निकालानंतर माझ्याकडे येणाऱ्या चौकशा वाढल्या आहेत. मुख्याध्यापक विचारतात, तुमच्या हाताखालून गेलेले कोणी आहे का? विद्यार्थी विचारतात, बी.ए. झाल्यावर नेमके काय करू? दोघांच्याही डोळ्यांपुढे साधारण एकच चित्र असते. इस्पितळ, टेबलामागे बसलेले डॉक्टर, औषधाची चिठ्ठी. औषध लिहून देणारा तो मनोविकारतज्ज्ञ, तो वैद्यकीय पदवीधर असतो आणि मानसशास्त्र शिकलेला माणूस औषध देत नाही, हे मला दर वर्षी पहिल्याच तासाला सांगावे लागते. दुसऱ्या तासालाही सांगावे लागते.

या चित्राच्या बाहेर उभ्या असलेल्या तीन शाखांविषयी इथे लिहायचे आहे: समुपदेशन, क्रीडा आणि समुदाय. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत त्या एकमेकींच्या शेजारी नांदतात. परीक्षेच्या भीतीने झोप उडालेली मुलगी, पेनल्टी मारताना पाय आखडणारा फुटबॉलपटू आणि दारूने पोखरलेला एखादा वाडा यांचा परस्परांशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण तिन्ही शाखांचे गृहीत एक आहे. समोरचा माणूस रुग्ण आहे असे धरून त्या सुरुवात करीत नाहीत. तो कुठेतरी अडला आहे, आणि जिथे अडला आहे तिथे, शाळेत, मैदानात, वस्तीत, जाऊन त्याच्याशी बोलायचे आहे.

समुपदेशनाचा जन्म मनोविकारांतून झाला नाही, नोकरीच्या शोधातून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ मध्ये बॉस्टन शहरात व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. परदेशांतून आलेल्या कुटुंबांतली मुले मिळेल त्या कामाला जुंपली जात होती. त्यांनी आधी स्वतःला ओळखावे, मग कामाचे जग ओळखावे आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा, एवढीच त्याची पद्धत. पुढच्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या शाखेला आजचा चेहरा दिला तो कार्ल रॉजर्स यांनी. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मदत मागायला येणाऱ्याला रुग्ण न म्हणता ‘क्लायंट’ म्हटले, आणि सल्ला देणे, समजावणे, दटावणे हे सारे बाजूला ठेवून समोरच्याचे म्हणणे त्याच्या बाजूने समजून घेण्यावर भर दिला. त्याच ग्रंथात त्यांनी एका व्यक्तीशी झालेल्या सगळ्या बैठकींचे संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापले. तोवर बंद दाराआड काय बोलले जाते हे बाहेर कोणाला कळतच नसे. आज जगभरच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला आपल्या बैठकीची शब्दशः संहिता लिहून शिक्षकापुढे ठेवावी लागते, त्या प्रथेचे मूळ इथे आहे.

आणि मराठीची खरी अडचण इथेच सुरू होते. पहिली अडचण नावातच. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. जे करायचे नाही तेच नावात! पालक मुलाला माझ्या विद्यार्थ्यांकडे आणतात ते ‘जरा चार शब्द सांगा याला’ असे म्हणत, आणि त्यात त्यांची चूक नाही. शब्दाने त्यांना तेच वचन दिले आहे. ‘मार्गदर्शन’ म्हटले तरी मार्ग दाखवणारा पुढे आणि चालणारा मागे. भरीस भर म्हणून अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीलाही लोक ‘काउन्सेलिंग’ म्हणतात. शब्द आता रुळला आहे, सरकारी कागदांत आहे, तो बदलावा असे मी म्हणणार नाही. ‘न्यूनगंड’ हा शब्दही घडवलेलाच होता, आणि आज भाजीबाजारातही ऐकू येतो. पण वर्गात मी मुलांना दुसरा, घरचा शब्द देते: ‘ऐकून घेणे’. ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’ यांत मराठी व्याकरणाने जो फरक ठेवला आहे तो समजला की निम्मा अभ्यासक्रम समजला. रेडिओ आपण ऐकतो. वैतागलेल्या शेजारणीचे ऐकून घेतो. त्या ‘घेणे’त थोडे सोसणे आहे, थोडी जागा करून देणे आहे, आणि लगेच उत्तर न देण्याचा संयम आहे. ‘समजूत काढणे’, ‘धीर देणे’, ‘कानउघाडणी’ यांना आपापली जागा आहेच. ती ही नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या शाखांचे पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ सर्वत्र इंग्रजीतून होते. विद्यार्थिनी बैठक मराठीत घेते, घरी जाऊन संहिता इंग्रजीत लिहिते आणि माझ्यापुढे ठेवते. एका संहितेत वाक्य होते, मुलीला ‘लो’ वाटते. मी विचारले, ती स्वतः काय म्हणाली? बरीच आठवण करून विद्यार्थिनीने सांगितले: ती म्हणाली, ‘घरात सगळे असतात, पण मला कुणी नसल्यासारखे होते.’ या वाक्याचे ‘लो’ होताना घर गेले, सगळे गेले, आणि पुढचा प्रश्न कुठून विचारायचा ती वाटही गेली. मराठीत माणसे दुःख सांगतात ते बहुधा शरीराच्या किंवा जिवाच्या भाषेत. हातपाय गळाले, छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, जीव थाऱ्यावर नाही, घास उतरत नाही, काही सुचेना झाले, डोके नुसते भणभणते. यांतला प्रत्येक प्रयोग वेगळा आहे. ‘सुचेना’ म्हणणारा आणि ‘घास उतरेना’ म्हणणारा एकाच जागी अडलेले नसतात. गोव्यात तर गुंता आणखी: मूल घरी कोकणीत रडते, शाळेच्या वहीत मराठीत निबंध लिहिते आणि समुपदेशकापुढे बसले की इंग्रजीत ‘स्ट्रेस’ म्हणून मोकळे होते. कोणत्या भाषेत ते अधिक खरे बोलते हे ओळखणे हाही कौशल्याचा भाग आहे, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो मला सापडलेला नाही.

क्रीडा-मानसशास्त्राकडे मुले मोठ्या उत्साहाने येतात, कारण खेळाडू भेटतील असे वाटते. भेटतात, पण बहुतेक पंधरा-सोळा वर्षांचे, आणि जिंकल्यावर नव्हे, संघातून वगळल्यावर. या शाखेचा इतिहास जुना आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या वेळांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यापेक्षा दुसऱ्यांच्या बरोबरीने धावणारा वेगवान असतो असे त्यांना दिसले. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी गुंडाळायला लावून तेच पडताळून पाहिले. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली. १९३२ मध्ये ती बंद पडली. १९३८ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल संघाने त्यांना बोलावले, पण तिथल्या व्यवस्थापकाला हा प्रोफेसर नकोसाच होता. मैदान आणि मानसशास्त्र यांतले हे अवघडलेपण अजून पुरते गेलेले नाही.

मराठी वाचकाला या शाखेचे नाव परिचित झाले ते भीष्मराज बाम यांच्यामुळे. पोलीस सेवेतले हे अधिकारी निवृत्तीनंतर नाशिकला राहून खेळाडूंबरोबर काम करीत. नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड यांच्यासारखे खेळाडू त्यांच्याकडे गेले. योगातल्या एकाग्रतेच्या पद्धती त्यांनी खेळाच्या सरावाला जोडल्या आणि मराठीत सोप्या भाषेत लिहिलेही. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्याइतक्या सहजतेने या विषयावर मराठीत लिहिणारे फार थोडे आहेत.

मैदानावर नेमके काय बिघडते, ते एका उदाहरणाने सांगते. सराव करून करून एखादी क्रिया इतकी अंगवळणी पडते की ती करताना विचार करावा लागत नाही. जिना उतरताना आपण पायांकडे लक्ष देत नाही तसे. मोक्याच्या क्षणी दडपण येते आणि खेळाडू आपल्याच हालचालीवर पहारा ठेवू लागतो: पाय नीट पडतोय ना, मनगट वळले ना? जिना उतरताना मधेच पायांचा विचार करून पाहा. ठेच लागते. मराठी क्रीडापत्रकार याला ‘हात आखडला’ म्हणतात, आणि ते वर्णन शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. ‘नजर बसली’, ‘जम बसला’, ‘सूर गवसला’ हे शब्दही तसेच. लक्ष आपोआप योग्य जागी राहू लागल्याची ही वर्णने आहेत. उपाय म्हणून खेळाडूला प्रत्येक फटक्यापूर्वीचा एक ठरलेला छोटा क्रम बसवून दिला जातो, एक श्वास, एक शब्द, एक नजर, म्हणजे पहाऱ्याला बसायला वेळच मिळत नाही. हा ‘एक शब्द’ खेळाडूच्या स्वतःच्या भाषेतला असावा लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याने फुटबॉलच्या मुलांना इंग्रजी शब्द दिले होते. मुले ते पाठ करीत आणि सामन्यात विसरत. मग एका मुलाने स्वतःच ‘सोड’ हा शब्द घेतला. श्वास सोडायचा, मागची चूकही सोडायची. तो टिकला.

या शाखेतला सर्वांत अवघड धडा मात्र नीतीचा असतो. पैसे क्लब देतो, बोलतो खेळाडू. गुडघा दुखतोय हे त्याने विश्वासाने सांगितले, आणि संध्याकाळी प्रशिक्षकाने विचारले, ‘काय म्हणाला तो?’ तर काय करायचे? उत्तर पहिल्या दिवशी, तिघांना समोर बसवून ठरवून ठेवायचे असते. शाळेतल्या समुपदेशकाचीही हीच परीक्षा असते. तिथे प्रशिक्षकाच्या जागी मुख्याध्यापक असतात. जिवाला धोका असेल तेव्हा गुप्तता पाळली जाणार नाही हेही मुलाला आधीच सांगावे लागते.

तिसरी शाखा नावामुळे सर्वांत जास्त गोंधळ करते. ‘सामाजिक मानसशास्त्र’ वेगळे आणि ‘समुदाय-मानसशास्त्र’ वेगळे. पहिले विचारते, गर्दीत, गटात, इतरांच्या प्रभावाखाली माणूस कसा वागतो. दुसरे विचारते, या वस्तीत इतकी माणसे एकाच तऱ्हेने का खचतात, आणि ती खचू नयेत म्हणून वस्तीत काय बदलता येईल. १९६५ च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॅम्पस्कॉट इथे काही मानसशास्त्रज्ञ जमले. या शाखेचा आरंभ तिथून मोजतात. एकेका माणसावर उपचार करीत बसलो तर तज्ज्ञ कधीच पुरणार नाहीत, हा त्यांच्यापुढचा साधा हिशेब होता. आपल्याकडे तो हिशेब फारच विषम आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्यकेंद्रांच्या आधारे मानसिक आरोग्यसेवा देण्याचा प्रयोग केला. १९९६ मध्ये देशात सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर बेतला आहे.

गोव्याच्या वाचकाला मात्र दूर जायला नको. १९९६ मध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘संगाथ’ ही संस्था उभी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिले, तर त्या नैराश्यात मदत करू शकतील का, हे या संस्थेने कसोटीला लावले. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ४९५ जणांवर झालेल्या चाचणीत अशा समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. पद्धत साधी होती: खचलेला माणूस एकेक काम सोडत जातो आणि त्यामुळे आणखी खचतो, म्हणून त्याला पेलेल एवढे एकेक काम पुन्हा हाती घ्यायला मदत करायची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले आढळले. नेहमीची सेवा थोडी सुधारून दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतही या संस्थेने ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालवला. तिथे नैराश्य असूनही मदत घेणारे सुरुवातीला शंभरांत चार होते, ते सत्ताविसांवर गेले.

अशा कामात भाषा किती मोलाची असते याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतले आहे. झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. अर्थ, फार विचार करणे. लोक आपला त्रास याच शब्दाने सांगत. विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात तिथे काम करताना शोना भाषेतलीच प्रश्नावली तयार केली. पुढे डिक्सन चिबांडा यांनी हरारेत आरोग्यकेंद्रांबाहेरच्या बाकांवर वयस्कर आज्यांना बसवून समुपदेशन सुरू केले. ‘मानसिक आरोग्याचा बाक’ या नावाला लोक बिचकत, म्हणून नाव बदलून ‘मैत्रीचा बाक’ केले. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या परिशिष्टात ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द मूळ रूपात छापला गेला. मराठीतही ‘विचार करकरून डोके फिरायची वेळ आली’ असे आपण रोज म्हणतो. आपला हा प्रयोग त्या परिशिष्टात नाही याचा मला खेद नाही. आपल्याच अभ्यासक्रमात तो नाही, याचा आहे.

आता व्यवहाराचे. आपल्या देशात एम.ए. साधारणपणे दोन वर्षांचे. समुपदेशनासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही जुनी जागा. क्रीडा-मानसशास्त्राची एम.ए. पदवी इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात मिळते, आणि ग्वाल्हेरला १९५७ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेतही हा विषय शिकवला जातो. ग्वाल्हेरच्या मराठी मुलांच्या तो दारातच आहे. ‘क्लिनिकल’ मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याखाली येतात. अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीपेक्षा मी एकच गोष्ट पाहायला सांगते: देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे तास किती? अमेरिकेत समुपदेशनाच्या मान्यताप्राप्त पदवीसाठी १०० तासांचा सराव आणि ६०० तासांची उमेदवारी लागते, आणि तिथल्या क्रीडा-मानसशास्त्राच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तास. आपल्याकडे हा आकडा संस्थेगणिक बदलतो. प्रवेश घेण्यापूर्वी तो विचारावा आणि उत्तर लेखी मागावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ या वर्षापासून या कायद्याच्या कक्षेतले अभ्यासक्रम, त्यांत मानसशास्त्रही, दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवणे बंद केले. निर्णयामागचे कारण मला पटते. ऐकून घेणे टपालाने शिकता येत नाही. पण त्याचा भार कोणावर पडला तेही पाहिले पाहिजे. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. करणाऱ्या निपाणीच्या शिक्षिका, वाळपईच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका, ज्यांना वस्तीची भाषा आधीपासून येत होती, त्याच या दारातून बाहेर राहिल्या. महानगरातली मुले वर्गात बसून शिकतील आणि इंग्रजीत शिकतील. शंभर विद्यार्थ्यांच्या मराठी शाळेत येणारा समुपदेशक त्यांच्यातलाच असेल.

म्हणून शाळांना आणि अकादमीच्या वाचकांना माझ्या दोन मागण्या आहेत. आमचे विद्यार्थी गेली काही वर्षे एक वही भरत आहेत. बैठकींत ऐकलेले मराठी आणि कोकणी प्रयोग तीत आहेत. कोण बोलले याची खूण न ठेवता, फक्त प्रयोग आणि तो कोणत्या प्रसंगी आला एवढेच. लेखकांनी आणि शिक्षकांनी आपापल्या भागातले, बेळगावचे, इंदूरचे, हैदराबादचे, असे प्रयोग टिपून ठेवावेत. पुढच्या विद्यार्थ्याला संहिता मराठीत लिहिताना ते कामी येतील. दुसरी मागणी मुख्याध्यापकांकडे. समुपदेशक नेमण्याआधी त्याच्यासाठी एक खोली ठरवा. ती कार्यालयाच्या वाटेवर नसावी, म्हणजे कोण आत गेले ते सगळ्या शाळेला दिसणार नाही. तीत दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या असाव्यात, मधे टेबल नको. दाराला कडी हवी, आणि तास चालू असताना ‘सरांनी बोलावलंय’ म्हणून शिपाई आत येणार नाही, एवढे शिपायाला सांगून ठेवलेले हवे. समुपदेशक येईपर्यंत सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. तो आकडा सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावता येईल.